मेरी वॉर्ड आणि मुलींचें शिक्षण

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या वडीलधाऱ्यांचे उपकार आठवितों. त्याच कृतज्ञतेनें, कॅथॉलिक मुलींस विद्येचें द्वार उघडून देण्यासाठीं जिनें कारावासही सोसला, त्या आदरणीय मेरी वॉर्ड ह्यांचें स्मरण आम्ही येथें करितों.

इ. स. १५८५ मध्यें इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतीं त्यांचा जन्म झाला. तेथें त्या काळीं कॅथॉलिकांचा छळ चालू होता. १६०९ च्या सुमारास त्या कांहीं सोबतिणींसह समुद्रापलीकडे सेंत-ओमेर शहरीं गेल्या व तेथें त्यांनीं मुलींची शाळा काढिली. इंग्लंडांतून आलेल्या मुली तेथें राहून शिकत. गांवच्या मुलींस विनामूल्य शिक्षण मिळे. धर्मशिक्षण, वाचन, लेखन व शिवणकाम ह्यांच्या जोडीला लॅटिनही शिकवीत. विद्वान् पुरुषांची ही भाषा मुलींस शिकविणें हें त्या काळीं धाडसच होतें.

ह्या शिक्षणाच्या मुळाशीं एक तत्त्व होतें. “ह्यांचा उत्साह ओसरेल, कांहीं झालें तरी त्या स्त्रियाच,” असे उद्गार कोणीएकानें काढिल्याचें कळतांच, १६१७ सालीं मेरीबाईंनीं सोबतिणींस समजाविलें कीं, उत्साह भावनेंत नसून सत्कर्माच्या इच्छेंत असतो, आणि ती इच्छा स्त्रीपुरुषांस सारखीच असूं शकते. माणूस ढळतो तो सत्य सोडल्यानें; स्त्री असल्यानें नव्हे.

शाळा चालवावयाची तर मठाच्या भिंतींबाहेर पडणें प्राप्त होतें. परंतु धर्मभगिनींनीं मठांतच राहावें असा तेव्हांचा नियम होता. म्हणून १६३१ सालीं पोप आठवे अर्बन ह्यांनीं हा संघ मोडिला. म्युनिच येथें मेरीबाईंस एका मठांत कोंडण्यांत आलें. तेथून त्या लिंबाच्या रसानें गुप्त पत्रें लिहीत. तरीही ख्रिस्तसभेची आज्ञा त्यांनीं शिरसावंद्य मानिली. १६४५ सालीं यॉर्कजवळ त्या ख्रिस्तवासी झाल्या.

बीज मात्र मेलें नाहीं. १६८६ सालीं यॉर्क येथें त्यांच्या परंपरेचा मठ उभा राहिला. तेथील शाळेंत शिकलेल्या तेरेसा बॉल ह्यांनीं पुढें आयर्लंडांत लोरेटो संघ स्थापिला, आणि त्याच्या भगिनी १८४१ सालीं कलकत्त्यास आल्या. मदर तेरेसा ह्यांनींही ह्याच संघाच्या शाळेंत १९४८ पर्यंत अध्यापन केलें. १९०९ सालीं ख्रिस्तसभेनें मेरीबाईंस संस्थापिका म्हणून मान्य केलें. २००९ सालीं ‘आदरणीय’ ही पदवी दिली.

शिकल्यानें मुलीची भक्ति उणी होते, अशी शंका ज्या मातापित्यांस येत असेल त्यांनीं हें चरित्र आठवावें. सत्य जाणणारी मुलगी देवापासून दूर जात नाहीं. ती त्याच्याच वाटेवर असते.