न रडलेल्या बाळांचा हिशोब

बाळ जन्मलं की आधी त्याचं रडणं कानावर पडावं आणि मग त्याच्या कानात अजान द्यावी, हा आपल्या घरांतला क्रम. रडणं आलंच नाही तर बाहेर उभ्या माणसांचे चेहरे उतरतात. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला की मेंदूला इजा होते. काही बाळं दगावतात. काही जगतात, पण मान धरत नाहीत, बसत नाहीत, त्यांना आकड्या येतात. सेरेब्रल पाल्सी हा शब्द आईबापांना तेव्हा कुठे कळतो.

या इजेवर बराच काळ उपाय नव्हता. मग कल्पना पुढे आली की बाळाचं अंग थंड केलं तर मेंदूचं पुढचं नुकसान थांबेल. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरुवात करायची आणि अंगाचं तापमान साडेतेहेतीस अंश सेल्सियसवर आणून 72 तास तिथेच ठेवायचं. 2005 साली अमेरिकेतल्या 208 बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत मृत्यू किंवा गंभीर-मध्यम अपंगत्व 62 टक्क्यांना आलं, थंड केलेल्यांत 44 टक्क्यांना. 2009 मध्ये मुख्यतः ब्रिटनमध्ये झालेली 325 बाळांची ‘टोबी’ चाचणी प्रसिद्ध झाली आणि श्रीमंत देशांत ही पद्धत नेहमीची झाली.

त्या चाचण्यांतली बाळं बहुतेक श्रीमंत देशांतली, सुसज्ज रुग्णालयांतली होती. औषध मात्र सगळ्यांसाठी सिद्ध झालं असं मानलं गेलं. आपल्याकडेही ते आलं. महागडी यंत्रं परवडत नाहीत म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मदतीने ‘मिराक्रेडल’ नावाचा स्वस्त पाळणा तयार झाला. त्यामागची हुशारी आणि हेतू दोन्ही चांगले. पण आपल्या बाळांवर हे चालतं का, एवढाच प्रश्न कुणी मोठ्या प्रमाणावर तपासलेला नव्हता.

तो तपासला ‘हेलिक्स’ने. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ही चाचणी झाली. चेन्नई, बंगळुरू, ढाका ही नावं त्यात आहेत आणि मुंबईचं सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालयही आहे. मुंबईत सायन म्हटलं की खाट मिळेल का हा पहिला प्रश्न येतो. गरिबांचं, पालिकेचं हे रुग्णालय, आणि जगाचा एक वैद्यकीय नियम ज्या चाचणीने हलवला तिच्यातलं एक केंद्र तिथे होतं.

15 ऑगस्ट 2015 ते 15 फेब्रुवारी 2019 या काळात 2,296 बाळं तपासली गेली. त्यांतली 576 पात्र ठरली आणि 408 चाचणीत आली. पात्रतेची एक अट वाचताना मी थांबलो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी पाचव्या मिनिटाचा अपगार गुण बघायचा. घरी जन्मलेल्यासाठी मात्र पाच मिनिटांत ते रडलं का, एवढंच विचारायचं. सुईणीचा आणि आजीचा प्रश्न जसाच्या तसा शास्त्राच्या कागदावर आला होता. घरी बाळंत होणाऱ्या बाईचं मूल त्यामुळे यादीबाहेर राहिलं नाही. समावेश समावेश म्हणतात तो प्रत्यक्षात असा एखाद्या अटीच्या शब्दांत असतो.

ऑगस्ट 2021 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निकाल छापून आला. मृत्यू किंवा मध्यम-गंभीर अपंगत्व थंड केलेल्यांत 50 टक्के, नेहमीच्या उपचारात 47 टक्के. म्हणजे फायदा नाही. नुसते मृत्यू मोजले तर थंड केलेल्यांत 84, म्हणजे 42 टक्के, आणि दुसऱ्या गटात 63, म्हणजे 31 टक्के. तिकडे वाचवणारा उपाय इथे जास्त मुलं नेत होता. अशा देशांत हा उपचार देऊ नये, अगदी सुसज्ज नवजात अतिदक्षता विभाग असला तरीही, असं संशोधकांनी लिहिलं. आपल्याकडच्या अनेक डॉक्टरांना ते पटलं नाही आणि वाद अजून चालू आहे.

असं का झालं? इथल्या बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा ठळक दिसली. तिकडच्या चाचण्यांत इजा बहुधा प्रसूतीच्या वेळी अचानक झालेली असते. इथे ती आईच्या पोटातच, आधीपासून हळूहळू होत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. तसं असेल तर सहा तासांचं घड्याळ आपण भलत्याच वेळेपासून मोजत होतो.

गोऱ्यांच्या प्रयोगाला आमची मुलं का, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या रागाला कारण आहे. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं वडोदरा इथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला, आणि संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कोरडे ओढले. वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आईबापांच्या जागी सह्या केल्या होत्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारने औषधचाचणीतल्या संमतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं.

पण मुंबईची गोष्ट त्याहून जुनी आहे. 1896 च्या प्लेगनंतर वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवली, 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी घेतली. कैद्याच्या ‘हो’चा अर्थ किती, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. तरुण आगाखान तिसरे यांनी मात्र लोकांसमोर बाही वर केली आणि हजारो खोजांनी लस घेतली. त्यांनी हाफकिन यांना काम करायला आपला खुश्रू लॉज बंगलाही दिला.

वर्षभरानंतर, 9 मार्च 1898 ला, मदनपुऱ्यात दुसरंच घडलं. जुलाहा घरातल्या एका आजारी मुलीला प्लेगची तपासणी करणाऱ्या पथकाला बघायचं होतं. पुरुष डॉक्टरने तिला हात लावायला घरच्यांनी नकार दिला. जमाव जमला, दंगल झाली, गोळीबार झाला. ‘मुसलमान अडाणी, लस नको म्हणतात’ हे वाक्य तेव्हापासून चालत आलंय, पण शहर तेच होतं आणि साथही तीच. एका ठिकाणी ओळखीच्या माणसाने आधी स्वतःला टोचून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी अनोळखी माणूस शिपायांसह दारात आला. फरक एवढाच होता.

सहा तासांच्या चाचणीत तर हा प्रश्न आणखी अवघड. आई नुकतीच बाळंत झालेली, कधी दुसऱ्याच रुग्णालयात पडलेली. कागद बापाच्या किंवा मामाच्या हातात. तुमचं मूल कोणत्या गटात जाणार ते जवळजवळ चिठ्ठी टाकून ठरणार, डॉक्टरांच्या पसंतीने नव्हे, हे त्या घाईत मराठीत, उर्दूत किंवा दख्खनीत समजावून सांगायचं. ‘डॉक्टरसाहेब, आप को जो ठीक लगे’ हे वाक्य म्हणजे संमती नव्हे, पण मुंबईत संमती बहुतेकदा याच शब्दांत मिळते. ज्यांच्या मुलाला थंड करण्याची चिठ्ठी निघाली आणि मूल गेलं, त्या आईबापांना आपल्या ‘हो’मुळे पुढच्या मुलांचं काय टळलं हे कुणी सांगितलं असेल का, याचा मी विचार करत राहतो.

आता चारकोपचा नकाशा बघा. जागतिक बँकेच्या मदतीने 1985 नंतर म्हाडाने छोट्या प्लॉटची ही वसाहत वसवली, सेक्टरवार, सोसायट्यांच्या नावाने. शेजारी मालवणी. प्रसूतीची कळ आली की कांदिवलीचं शताब्दी गाठायचं, आणि बाळ बिघडलं की मोठ्या रुग्णालयाकडे पळायचं. सायन इथून पंचवीसेक किलोमीटर. रिक्षा, रुग्णवाहिका, कांदिवलीचं सिग्नल, द्रुतगती मार्ग, मग पुन्हा केसपेपर. मालवणीतल्या खोलीत पहाटे तीनला जन्मलेलं आणि न रडलेलं मूल सकाळी दहाला सायनला पोहोचलं, तर अटीत रडण्याचा उल्लेख असूनही ते हेलिक्सच्या 576 पात्र बाळांत बसत नाही. त्याचे सहा तास नऊ वाजताच संपलेले असतात.