सर जॉन सोन याच्या घरांतील पिवळा दिवाणखाना

लंडन शहरांत लिंकन्स इन फील्ड्स नांवाचा एक विस्तीर्ण चौक आहे. त्याच्या उत्तरेकडील रांगेंतलें तेरा क्रमांकाचें घर सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञानें १८१२ सालीं स्वतःच्या राहण्यासाठीं नव्यानें बांधलें. जिना चढून पहिल्या मजल्यावरील दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच नवखा पाहुणा क्षणभर थबकतो. बाहेर लंडनचें करडें आकाश, आणि आंत चारही भिंती लखलखीत पिवळ्या, पडदेही त्याच रंगाचे! दुपारचें ऊन कोणी खोलींत कोंडून ठेवावें, तसें तें दालन दिसतें. सोन या आडनांवाचा आपल्या सोन्याशीं कांहीं संबंध नाहीं. पण सोनेरी उजेडाचा ध्यास या गृहस्थाला जन्मभर होता, एवढें खरें.

हा ध्यास त्याला लागला इटलींत. सोन १७५३ सालीं एका गवंड्याच्या घरीं जन्मला. अंगच्या हुषारीमुळें त्याला राजाकडून मिळणारी प्रवासवृत्ति मिळाली, आणि १७७८ सालीं तो प्राचीन इमारती अभ्यासण्यासाठीं दक्षिणेकडे निघाला. पुढच्याच वर्षीं त्यानें पाँपेई पाहिलें. व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गडप झालेलें हें नगर त्या काळीं थोडथोडें उकरलें जात होतें. तेथील इसिस देवीच्या देवळाचीं रेखाटनें त्यानें चांदण्यांत चोरून केलीं. १७८० सालीं तो परतला तो चुनेगच्चीवर रंगविलेल्या भिंतींची आणि दक्षिणेकडच्या उन्हाची आठवण घेऊन. १७८८ सालीं बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचें काम त्याच्याकडे आलें, आणि पुढें पंचेचाळीस वर्षें तें त्याच्याच हातीं राहिलें. म्हणजे उदरनिर्वाहाची चिंता उरली नाहीं. उरली ती उजेडाची.

कारण त्या वेळचें लंडन म्हणजे कोळशाच्या धुराचें शहर. हिवाळ्यांत तेथें दिवस उगवतो कधीं आणि मावळतो कधीं, तेंही समजूं नये. या अंधाराशीं सोननें दोन बाजूंनीं झुंज घेतली. पहिली छपरांतून. घराच्या मागील भागांत त्यानें भिंतींऐवजीं आढ्याकडून उजेड घेतला, आणि त्या झरोक्यांना पिवळ्या कांचा बसविल्या. अशी कांच करण्याची युरोपांतील रीत फार जुनी. चौदाव्या शतकापासून ती चालत आली आहे. चांदीचा क्षार कांचेवर लावून ती भट्टींत तापवितात. चांदी कांचेंत मुरते, आणि कमीअधिक आंचेप्रमाणें लिंबापासून मधापर्यंतची कोणतीही छटा उमटते. पांढऱ्या चांदीपासून सोन्याचा रंग निघावा, ही या रसायनाची गंमतच म्हणावयाची. अशा कांचेतून झिरपणाऱ्या प्रकाशाला सोन ‘गूढ प्रकाश’ म्हणे. १८१७ सालीं खुल्या झालेल्या डलिच येथील चित्रालयांतही, देणगीदारांच्या समाधिगृहावर, त्यानें हाच मधाळ उजेड पाडला आहे.

दुसरी झुंज भिंतींवर. त्या काळीं पिवळ्या रंगाला पर्याय किती होते? सर्वांत जुनी आणि स्वस्त ती पिवडी. लोखंडाचा गंज मुरलेली ही पिवळी माती. चुन्याच्या निवळींत ती कालवून भिंतीला दोन हात दिले, कीं खोली उबदार दिसूं लागते, हें महाराष्ट्रांतील गृहिणींना सांगावयास नको. ही माती निरुपद्रवी खरी, पण तिच्यांत तेज नाहीं. हरताळांत तेज आहे. परंतु तो सोमलाच्या जातीचें वीष. जुन्या पोथ्यांतील चुकलेल्या अक्षरांवर तो फांसावा, आणि त्यावरून ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार पडावा, इथपर्यंत ठीक. दिवाणखान्याच्या भिंतींना फांसण्याची वस्तु ती नव्हे.

या अडचणींतून वाट काढली जेम्स टर्नर या कारखानदारानें. मुरदाडशिंगाची पूड आणि साधें मीठ पाण्यांत भिजवून ठेवलें, कीं दाहक सोडा सुटा होतो आणि खालीं एक पांढरा गाळ उरतो. तो धुऊन तापविला, म्हणजे झगझगीत पिवळा होतो. १७८१ सालीं टर्नरनें या कृतीचा हक्क सरकारांतून मिळविला, आणि ‘पेटंट यलो’ हें नांव इंग्लंडच्या श्रीमंत घरांतून दुमदुमूं लागलें. (सुप्रसिद्ध चित्रकार टर्नर तो हा नव्हे. तो सोनचा स्नेही होता, आणि पिवळ्या रंगाच्या अतिरेकाबद्दल टीकाकारांनीं त्याचीही टर उडविली. पण रंग तयार करणारा टर्नर निराळा.) सोनच्या दिवाणखान्यांत चढला तो हाच रंग.

केवळ फॅशन म्हणून ही निवड झाली असें म्हणणें सोनला अन्यायकारक होईल. मेणबत्तीची ज्योत मुळांतच पिवळसर. निळे किरण तिच्यांत अत्यल्प. त्यामुळें दिवसा शोभणारी निळी भिंत रात्रीं काळवंडते, आणि पिवळी भिंत मात्र आलेला बहुतेक उजेड खोलींत परत फेकते. मेणबत्तीच्या जमान्यांत पिवळी भिंत हाही एक दिवाच होता. न्याहारीच्या खोलींतील घुमटाला सोननें लहान लहान बहिर्गोल आरसे बसविले, तेही याच हिशेबानें.

घर असें उजळलें, पण घरांतील माणसें सुखी झालीं नाहींत. १८१५ च्या सप्टेंबरांत एका नियतकालिकांत सोनच्या वास्तुकलेची निंदानालस्ती करणारे दोन निनांवी लेख आले. ते लिहिणारा जॉर्ज हा त्याचाच मुलगा निघाला. आजारी आईला हा घाव सोसला नाहीं. नोव्हेंबरांत ती वारली. सोननें ते लेख चौकटींत बसवून भिंतीवर टांगले, आणि खालीं ‘जॉर्ज सोन यानें दिलेले मृत्यूचे घाव’ असें लिहविलें. तो शेवटपर्यंत याच घरांत राहिला. मुलाच्या हातीं घर जाऊं नये म्हणून १८३३ सालीं त्यानें पार्लमेंटकडून खास कायदा करवून घेतला : घर राष्ट्राचें व्हावें, आणि शक्य तोंवर त्याच्या मरणसमयीं जसें असेल तसेंच राखलें जावें. १८३७ च्या जानेवारींत तो मरण पावला, आणि कायदा अमलांत आला.

पुतळे, पुस्तकें, नकाशे कायद्याप्रमाणें जागच्या जागीं राहिले. रंग राहिला नाहीं. टर्नरच्या पिवळ्यांत शिसें होतें, आणि कोळशाच्या धुरांतील गंधकाशीं शिशाचा संयोग झाला, कीं तें काळें पडतें. ज्या काजळीवर उतारा म्हणून हा रंग लावला, तिनेंच त्याला खावें, असा हा प्रकार. तिकडे व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञानें १७९७ सालीं क्रोमियम शोधून काढलें होतें. त्यापासून निघालेल्या क्रोम यलोनें थोड्याच दशकांत टर्नरच्या मालाला बाजारांतून उठविलें. दिवाणखान्याच्या भिंतींवर पुढच्या पिढ्यांचे रंगाचे हात एकावर एक चढत गेले, आणि सोनचा पिवळा त्यांच्याखालीं दिसेनासा झाला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वरचे थर तपासून मूळ छटा शोधण्यांत आली, तेव्हां कोठें तें दालन पुन्हां पिवळें झालें. नवा रंग टर्नरच्या कृतीचा नाहीं. छटा सोनची, पण रंगद्रव्य दुसरें. कायद्याच्या शब्दांत हें बसतें कीं नाहीं, याचा खल वकिलांनीं खुशाल करावा.

याच घराच्या तळमजल्यावरील भोजनगृह मात्र गडद तांबडें आहे. पाँपेईहून आणलेल्या गिलाव्याच्या एका तुकड्यावरून सोननें ही छटा घेतली असें सांगतात. पिवडी तापविली, कीं तिच्यांतील पाणी उडून जातें आणि तिचा गेरू बनतो. इ. स. ७९ मधील स्फोटांत व्हेसूव्हियसच्या तप्त वायूंनीं पाँपेईच्या भिंतींवर हीच क्रिया घडविली, आणि आज तांबड्या दिसणाऱ्या तेथील कित्येक भिंती मुळांत पिवळ्या होत्या, असें इटालियन संशोधकांनीं २०११ सालीं दाखवून दिलें. चांदण्यांत देवळाचीं रेखाटनें करणाऱ्या त्या तरुणाला हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.