वैद्यकीय चिन्हे

वैद्यकीय चिन्हे : डॉक्टर, वैद्य, औषधविक्रेते, रुग्णालये आणि रुग्णवाहिका यांची ओळख पटवणाऱ्या खुणा. एका सापाने विळखा घातलेला दंड ही त्यांतली मुख्य खूण. तिच्या जोडीला दोन सापांचा पंखधारी दंड, तांबडा क्रूस, तांबडी चंद्रकोर, सहा भुजांची निळी तारका, सर्प आणि वाटी, चिठ्ठीच्या डोक्यावरचे ‘आरएक्स’ आणि भारतात अमृतकलश धारण केलेला धन्वंतरी अशी मोठी मालिका आहे. यांतल्या दोन खुणा मुळात डॉक्टरांच्या नाहीत, तरीही त्या सगळीकडे दिसतात. दोन सापांचा दंड ही व्यापाराच्या देवाची काठी. तांबडा क्रूस हे युद्धातल्या जखमींच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय चिन्ह. पहिली गल्लत फारशी कोणाच्या जिवावर बेतत नाही. दुसरी बेतू शकते.

एका सापाचा दंड ग्रीकांच्या आरोग्यदेवतेचा, अस्क्लीपियसचा. होमरच्या ‘इलियड’मध्ये अस्क्लीपियस हा थेसलीचा निष्णात वैद्य आहे आणि मॅकेऑन व पोडालिरियस हे त्याचे मुलगे ट्रॉयच्या युद्धात जखमींवर उपचार करतात. पुढे त्याला देवत्व मिळाले. अपोलो त्याचा पिता ठरला, कायरॉन नावाच्या नराश्वाने त्याला विद्या दिली, आणि मेलेल्यांनाही तो उठवू लागला म्हणून झ्यूसने वज्र टाकून त्याला मारले, अशी कथा रचली गेली. आकाशातल्या भुजंगधारी तारकासमूहात ग्रीकांना तोच दिसे. वैद्यकीय शपथ म्हणून जगभर गाजलेली हिप्पोक्रेटिसच्या नावावरची शपथ अपोलो, अस्क्लीपियस आणि त्याच्या मुली हायजिया व पॅनेसिया यांना साक्षी ठेवून सुरू होते.

एपिडॉरस, कॉस आणि पर्गमम इथली त्याची मंदिरे म्हणजे त्या काळातली उपचारकेंद्रेच होती. रोगी स्नान करून, देवाला नैवेद्य दाखवून रात्री ठरावीक दालनात झोपत. स्वप्नात देव येऊन उपचार करतो किंवा उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. या आवारांत बिनविषारी साप मोकळे फिरत. एपिडॉरसला सापडलेल्या शिलालेखांत बरे झालेल्यांच्या हकिकती कोरलेल्या आहेत. त्यांतल्या एकीत पायाच्या बोटाला चिघळलेली जखम झालेला माणूस बाहेर बसल्या बसल्या झोपी जातो, मंदिरातला साप येऊन त्याचे बोट चाटतो आणि जागा होतो तो जखम बरी झालेली असते. ही हकिकत वाचली की दंडावर सापच का, याचे निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे कातीत आहे. जुनी कात टाकून नव्या अंगाने बाहेर येणारा प्राणी आजारातून उठणाऱ्या माणसाशी जोडला जाणे साहजिक होते. दंड मात्र साधाच होता. गावोगाव फिरणाऱ्या वैद्याच्या हातातली ती काठी.

इ. स. पू. २९३ मध्ये रोममध्ये साथ पसरली तेव्हा रोमन लोकांनी एपिडॉरसला शिष्टमंडळ पाठवले आणि तिथला पवित्र साप जहाजातून आणला. टायबर नदीतल्या बेटाशी येताच साप जहाजातून उतरून बेटावर गेला, अशी आख्यायिका आहे. इ. स. पू. २९१ मध्ये तिथे मंदिर उभे राहिले. नंतर बेटाच्या टोकाला दगडी बांधकाम करून त्याला जहाजाचा आकार देण्यात आला. त्या दगडी जहाजाच्या कुशीवर दंड आणि सर्प यांचे झिजलेले शिल्प आजही ओळखू येते. बेटावर सोळाव्या शतकात सुरू झालेले रुग्णालय अजून चालू आहे. म्हणजे रोगी बरे करण्यासाठी माणसे एकाच जागी येत राहिली आहेत, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे अवघड.

या चिन्हाची आणखी एक उपपत्ती सांगितली जाते, आणि महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला ती लगेच पटेल. ती आहे नारू या परजीवी कृमीची. नारूची मादी शरीरात जवळजवळ मीटरभर लांब वाढते आणि बहुधा पायावर फोड येऊन त्यातून डोकावते. ती ओढून काढता येत नाही. तुटली तर पाय सुजतो, पू होतो. म्हणून बारीक काडीला तिचे टोक गुंडाळायचे आणि रोज थोडी थोडी काडी फिरवत, कधी कित्येक आठवडे, तिला बाहेर काढायचे. इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इ. स. पू. १५५० च्या सुमारास, याच उपचाराचा उल्लेख असल्याचे अभ्यासक मानतात. काडीभोवती गुंडाळलेला नारू हेच वैद्याचे पहिले पाटीचिन्ह असावे, असा हा तर्क. मात्र ग्रीक साहित्यात त्याला आधार नाही, आणि मंदिरांतल्या सापांचा पुरावा इतका भक्कम आहे की नारूची उपपत्ती तर्कापलीकडे नेता येत नाही.

तरीही ती विसरण्यासारखी नाही. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत, फोडातून अळ्या पाण्यात सुटत, त्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात जात आणि पाण्याबरोबर पुन्हा माणसाच्या. हे चक्र तोडायला औषध नव्हतेच. पाणी दुपदरी फडक्यातून गाळणे, पायविहिरी बंद करणे, हातपंप बसवणे आणि रुग्ण शोधत घरोघर फिरणे एवढ्यावर देशाने हा रोग संपवला. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या संघटनेच्या बोधचिन्हात, १९४८ च्या पहिल्या जागतिक आरोग्य सभेने ठरवल्याप्रमाणे, संयुक्त राष्ट्रांच्या नकाशावर अस्क्लीपियसचाच दंड आहे.

दोन सापांचा दंड वेगळ्या कुळातला. ग्रीक देव हर्मीस, रोमनांचा मर्क्युरी, हा देवांचा निरोप्या. व्यापारी, वाटसरू आणि चोर यांचा पाठीराखा. मृतात्म्यांना पाताळात पोहोचवणारा वाटाड्या. भांडणाऱ्या दोन सापांच्या मध्ये त्याने काठी घातली आणि ते तिला शांतपणे वेटाळून बसले, अशी कथा आहे. म्हणून ही काठी तह, दूतकार्य आणि देवघेव यांची खूण झाली. सापांची जोडी त्याहून पुरातन आहे. लगशचा राजा गुडिया याने निंगिशझिदा या देवाला अर्पण केलेले इ. स. पू. २१०० च्या सुमाराचे दगडी पात्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर दंडाभोवती एकमेकांत गुंफलेले दोन साप कोरले आहेत. दख्खनमध्ये पारावर दिसणाऱ्या नागशिळांवरही अशीच जोडी असते. मात्र या साम्यावरून थेट नाते जोडणे धाडसाचे ठरेल.

व्यापाराच्या देवाची काठी डॉक्टरांच्या हाती आली ती छापखान्यांमार्गे आणि लष्करामार्गे. मुद्रक आणि प्रकाशक ज्ञानाचे निरोपे म्हणून हर्मीसची काठी आपल्या ग्रंथांवर छापत. बाझेलच्या योहान फ्रोबेनने सोळाव्या शतकात ती वापरली, लंडनच्या जॉन चर्चिल या वैद्यकीय प्रकाशकाने एकोणिसाव्या. चर्चिलची पुस्तके अमेरिकेत वाचली जात, आणि मुखपृष्ठावरची काठी वैद्यकाचीच असावी, असा समज त्यातून पसरायला मदत झाली. १९०२ मध्ये कॅप्टन फ्रेडरिक रेनल्ड्स या लष्करी डॉक्टरने अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय दलाच्या गणवेशावर ही काठी घ्यावी म्हणून नेट लावला. सर्जन जनरल जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी प्रस्ताव फेटाळला होता. त्यांच्यानंतर आलेल्या विल्यम फॉरवुड यांनी तो मान्य केला. त्याच लष्कराच्या वैद्यकीय विभागाच्या मानचिन्हावर मात्र एकाच सापाचा दंड आहे. पहिल्या महायुद्धात हजारो डॉक्टर कॉलरवर दोन सापांची काठी लावून वावरले आणि अमेरिकेत ती रुजली.

वॉल्टर फ्रीडलँडर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात २४२ अमेरिकन बोधचिन्हांची पाहणी मांडली आहे. व्यावसायिकांच्या संघटनांपैकी ६२ टक्क्यांनी एका सापाचा दंड घेतला होता, तर आरोग्यक्षेत्रातल्या व्यापारी आस्थापनांपैकी ७६ टक्क्यांनी दोन सापांचा. नकळत का होईना, धंद्याची खूण धंद्याकडे गेली. भारतीय लष्कराच्या वैद्यकीय दलाच्या मानचिन्हात एकच साप आहे आणि तेच बरोबर. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणारे कित्येक अधिकारी हेच चिन्ह अंगावर वागवतात. मोबाइलमधल्या डॉक्टरच्या इमोजीतही माणसाच्या चित्राला जोडलेले सांकेतिक चिन्ह अस्क्लीपियसच्या दंडाचेच असते.

औषधविक्रेत्यांची खूण म्हणजे हायजियाची वाटी आणि तिला वेढलेला साप. युरोपात अनेक देशांत दुकानांवर हिरवा क्रूसही असतो. चिठ्ठीवरचे ‘आरएक्स’ हे औषध तयार करणाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या ‘घ्यावे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा संक्षेप आहे. ही खूण मुळात गुरू ग्रहाचे चिन्ह किंवा इजिप्शियन देवाचा डोळा होती, या गोष्टी मागाहून चिकटल्या.

भारतीय परंपरेची खूण म्हणजे मूर्तीच आहे. समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन वर आलेल्या धन्वंतरीच्या चार हातांत शंख, चक्र, कलश आणि बहुधा जळू असते. हातात जळू धरलेला देव पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते. पण रक्तमोक्षणासाठी जळवा कशा निवडाव्या, कशा पाळाव्या, कशा लावाव्या याचे सविस्तर वर्णन ‘सुश्रुतसंहिते’त आहे, आणि ती संहिता स्वतःला काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या उपदेशातून उगम पावलेली म्हणवते. देवाच्या हातातले हे शस्त्रकर्माचे खरेखुरे साधन आहे. महाराष्ट्रात धनत्रयोदशीला वैद्य मंडळी धन्वंतरीपूजन करतात आणि धने-गुळाचा नैवेद्य दाखवतात.

२०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या बोधचिन्हात धन्वंतरीचे रंगीत चित्र दिसले आणि वाद झाला. भारतीय वैद्यक संघटनेने, म्हणजे आयएमएने, धर्मनिरपेक्षतेचा मुद्दा काढून फेरविचाराची मागणी केली. चित्र आधीपासूनच होते, फक्त रंगीत झाले, असे आयोगाने सांगितले. दंडधारी अस्क्लीपियसही एकेकाळी पूजेतलाच देव होता. त्याचे भक्त उरले नाहीत म्हणून त्याची काठी तटस्थ वाटते. धन्वंतरीची पूजा चालू आहे, आणि वादाचे मूळ तिथे आहे.

तांबड्या क्रूसाची गोष्ट याहून पुष्कळ अलीकडची. २४ जून १८५९ रोजी सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी पाण्याविना पडलेले स्विस व्यापारी आंरी द्युनांने पाहिले. त्याच्या पुस्तकाने आणि खटपटीने १८६३ मध्ये जिनिव्हात समिती झाली आणि १८६४ च्या जिनिव्हा कराराने पांढऱ्यावर तांबडा क्रूस हे लष्करी वैद्यकीय सेवेचे चिन्ह ठरले. स्विस झेंड्याचे रंग उलटे केले की हे चिन्ह होते. १८७६ पासून तुर्कांनी त्याजागी तांबडी चंद्रकोर वापरली. १९२९ च्या कराराने तिला मान्यता दिली. कोणत्याच धर्माची न वाटणारी तांबडी चौकट, म्हणजे तांबडा स्फटिक, २००५ मध्ये स्वीकारली गेली. तिन्हींचा अर्थ एकच : इथे गोळी झाडू नका.

म्हणूनच दवाखान्याच्या पाटीवर, औषधाच्या दुकानावर किंवा डॉक्टरांच्या मोटारीच्या काचेवर चिकटवलेला तांबडा क्रूस चुकीचा आहे. भारतात १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाच्या बाराव्या कलमाने केंद्र सरकारच्या परवानगीविना त्याच्या वापरास बंदी घातली आहे. शिक्षा पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि चिन्ह लावलेला माल जप्त. इतक्या किरकोळ दंडाने कोणाला वचक बसणार? पण शांततेत हे चिन्ह गल्लोगल्ली दिसू लागले, की युद्धात त्याचा दरारा उरत नाही. अमेरिकेत रुग्णवाहिकांवर नारिंगी क्रूस रंगवू लागले तेव्हा तिथल्या रेड क्रॉसने हरकत घेतली. मग १९७३ मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनातल्या लिओ श्वार्ट्झ यांनी सहा भुजांची निळी तारका आखली आणि तिच्या मधोमध अस्क्लीपियसचा दंड ठेवला. सहा भुजा म्हणजे अपघात ओळखणे, कळवणे, धावून जाणे, जागेवर उपचार, वाटेतले उपचार आणि रुग्णालयात सोपवणे. आपल्याकडच्या रुग्णवाहिकांवरही ही तारका आता दिसते. डॉक्टरांच्या मोटारीसाठी एका सापाचा दंड आहेच, आणि तो लावायला कोणाची परवानगी लागत नाही.