ओतकामातील टाकाऊ पदार्थांची ओळख (कोल्हापूर)
शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांमुळे कोल्हापूर हे ओतकामाचे मोठे केंद्र आहे. इथल्या जमिनीच्या भरावातील टाकाऊ पदार्थ रंगावरून ओळखणे फसवे, कारण मूळची जमीनही काळीच. वापरलेली साच्याची वाळू कोळशाच्या भुकटीने काळवंडते, तरी बोटांत खरखरते. मूळची काळी माती ओली होताच चिकटते. कुपोला भट्टीची धातुमळी काचेसारखी फुटते. टाकाऊ पदार्थांत लोखंडाचे कण असतात, म्हणून चुंबकाने निकाल लागेल असे कोणी म्हणेल. पण बेसॉल्टच्या मातीतही मॅग्नेटाइटचे कण असतात. रंग इतरत्र कधी उपयोगी पडतो: कोळसा-वायूच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनीत निळी छटा फेरोसायनाइड सुचवते. फिनॉलयुक्त रेझिनने बांधलेल्या साच्याच्या वाळूला अशी ठळक खूण नसते; पाण्यात तिच्यातून काय उतरते, हे प्रयोगशाळेतच तपासावे लागते.