घुसखोर, कोतवाल बुक आणि ठेकेदाराचं रजिस्टर

राजेहो, २०२५ च्या जानेवारीत मालेगावसोबत अकोला, अमरावती, अंजनगाव सुर्जी ही आपली नावंही राज्यभर गाजली. आरोप असा, की बांगलादेशी घुसखोरांना इथल्या तहसीलमधून उशिराचे जन्मदाखले मिळाले. किरीट सोमय्यांनी प्रकरण लावून धरलं. सरकारनं एसआयटी नेमली, उशिराचे दाखले थांबवले, गुन्हे दाखल झाले. खोटे कागद लावणाऱ्याला सोडू नये, यात वाद नाही. पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसावर आज जन्मदाखला काढायची पाळी का येते?

त्याचं उत्तर जुन्या दप्तरात आहे. आपल्याकडं गावातल्या जन्माची नोंद कोतवाल बुकात व्हायची. जात पडताळणीसाठी ज्यानं चपला झिजवल्या, त्याला हे बुक सांगायची गरज नाही. मी अशी बुकं चाळली आहेत. बापाचं नाव, जात, तारीख, मुलगा की मुलगी, एवढंच. लेकराचं नाव बरेचदा नाहीच. पानं फाटलेली, शाई उडालेली. सालदाराच्या घरी किंवा पालावर जन्मलेल्याची तर नोंदच राहून जायची.

पुढं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला. वर्ष उलटलं की नोंदीसाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. म्हणजे कोर्ट, वकील, तारखा. गरीब माणूस तिकडं फिरकलाच नाही. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली. हा अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडं, आपल्याकडं तहसीलदारापर्यंत आला. वर्षानुवर्षं तुंबलेली माणसं तहसीलवर लोटली. त्यात खोटी माणसं घुसू शकतात, ते तपासाच. पण नुसती गर्दी म्हणजे पुरावा नव्हे.

घाईत काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस बंगाली बोलणाऱ्या जरी कारागिरांना बांगलादेशी म्हणून रेल्वेनं घेऊन निघाले. उलुबेरिया स्टेशनवर जमावानं गाडी अडवून त्यांना सोडवलं. हे तर आमचेच नागरिक, असं पश्चिम बंगालमधून सांगण्यात आलं. जून २०२५ मध्येही मुंबई भागातून पकडून सीमेपार ढकललेले काही मजूर भारतीय निघाले. त्यांना परत आणावं लागलं.

घुसखोर येतो कामासाठी. मग कामाची जागा का तपासत नाही? परराज्यातून मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं १५ दिवसांत दोन्ही राज्यांना माहिती कळवायची, प्रत्येकाला फोटोसहित पासबुक द्यायचं, हे १९७९ च्या कायद्यातच होतं. आता तो नव्या कामगार संहितेत गेला. मी इतकी वर्षं वीटभट्ट्या, बांधकामं फिरतोय. असं पासबुक एकाही मजुराच्या हातात पाहिलं नाही. ते असतं, तर कोण कुठला हे आधीच कळलं असतं आणि मजुरीही बुडाली नसती. पण ठेकेदाराला कोण विचारणार? रांगेतल्या म्हातारीला विचारणं सोपं.

मेळघाटचा कोरकूही पोटासाठी बाहेर जातोच. उद्या तिकडं कोणी त्याला कागद मागितला तर?

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची शाळेची टीसी, कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवा. तुमच्या तहसीलमध्ये जुनी बुकं कोणत्या हालतीत आहेत, ते खाली लिहा.