धैर्य कामांतून येतें

या महोत्सवी स्मरणिकेंत गतवर्षांचा आढावा घेतांना संस्थांचे व थोर पुरुषांचे उल्लेख आपोआप येतात. ज्या स्त्रियांनीं स्वतःच्या हिंमतीवर धंदा उभारला त्यांचीं नांवें मात्र मागें राहतात. ती उणीव अल्पांशानें तरी भरून काढावी, एवढाच आमचा हेतु आहे.

आमच्या गांवास 'नायगांव बाजार' असें म्हणण्याचा प्रघात आहे. नांवालाच बाजार जोडलेल्या गांवांत स्त्रीस विक्री शिकवावी लागत नाहीं. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई भावहि जाणते आणि माणूसहि ओळखते. परंतु 'धंदा माझा, हिशेब माझा आणि कर्ज माझ्या सहीचें,' असें म्हणण्यास निराळें धैर्य लागतें. तें येतें कोठून? शेजारच्या लातूर जिल्ह्यानें व त्यापलीकडील धाराशिवनें या प्रश्नाचें उत्तर मोठी किंमत देऊन मिळविलें आहे.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचीं जड माळवदें त्यांच्या अंगावर कोसळलीं, व सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. पुढें शासनानें जागतिक बँकेच्या साह्यानें पुनर्वसनाचें काम हातीं घेतलें. समूळ नष्ट झालेलीं गांवें नव्यानें वसवावयाचीं होतीं, आणि तडे गेलेलीं असंख्य घरें दुरुस्त करून बळकट करावयाचीं होतीं. अनुदान कसें मिळतें, भिंतीचे कोपरे कसे बांधून घ्यावे, तक्रार कोणाकडे न्यावी, हें घरोघर सांगणार कोण? श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें या कामीं गांवोगांवच्या महिला मंडळांस पुढें आणलें, आणि गांवांतील स्त्रियाच 'संवाद सहायक' झाल्या.

ज्या स्त्रिया चावडीपुढून पदर सांवरून खालमानेनें जात, त्यांना इंजिनियरास प्रश्न विचारावे लागले, ग्रामसभेंत बोलावें लागलें, सिमेंट व वाळूचें प्रमाण समजून घ्यावें लागलें. धैर्य आधीं आलें व काम मागाहून, असें घडलें नाहीं. काम अंगावर पडलें आणि धैर्य त्याच्या मागून आलें. घरें उभीं राहिलीं तरी मंडळें मोडलीं नाहींत. त्यांतून बचत गट निघाले, गटांतून लहान कर्जें मिळूं लागलीं, आणि कर्जांतून छोटे धंदे उभे राहिले.

धाराशिव जिल्ह्यांतील हिंगळजवाडीच्या श्रीमती कमल कुंभार यांचें चरित्र याच परंपरेंतलें. मोलमजुरीच्या घरांत जन्म, भांडवल नाममात्र. त्यांनीं आरंभ केला तो बांगड्या विकण्यापासून. पुढें कुक्कुटपालन केलें, सौर दिवे विकले, आणि इतर स्त्रियांस सोबत घेऊन उत्पादक कंपनी उभी केली. अवर्षणाच्या मुलखांत एकाच धंद्यावर विसंबणें धोक्याचें. त्यांनीं एकाच वेळीं अनेक लहान व्यवसाय चालविले. २०१७ सालीं नीति आयोगानें त्यांचा गौरव केला, आणि २०२१ चा नारी शक्ति पुरस्कार त्यांस २०२२ च्या मार्च महिन्यांत राष्ट्रपतींच्या हस्तें मिळाला.

भूकंपाची आपत्ति नसतांहि असेंच घडूं शकतें, हें सातारा जिल्ह्यांतील म्हसवडनें दाखविलें. तेथील लोहारकाम करणाऱ्या एका बाईस रोजच्या कमाईंतून थोडे पैसे साठवावयाचे होते. बँका तिचें खातें उघडीनात. तेव्हां श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनीं स्त्रियांचीच बँक काढण्याचें योजिलें. अर्ज करणाऱ्या बाया निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज नाकारला. बाया घरीं परतल्या, अक्षरें शिकल्या, आणि पुन्हां गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतों, तुमच्या अधिकाऱ्यांनीं यंत्रावर करून पाहावा, असें त्यांनीं सांगितलें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

अडचणी संपल्या असें आमचें म्हणणें नाहीं. घर व शेत पुरुषाच्या नांवावर असतां तारण कशाचें द्यावें, हा प्रश्न बाईला अजूनहि अडवितो. धंदा बसला तर 'सांगितलें होतें ना' म्हणणारेहि बहुधा घरचेच असतात.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच: घरची लेक किंवा सून धंद्याची गोष्ट काढील, तेव्हां 'तुला जमेल काय?' असें विचारूं नये. भूकंपानंतर तसें विचारण्यास कोणास उसंत नव्हती, आणि बायांना जमलें. तिच्या हातीं वही द्यावी, पहिला हिशेब तिलाच लिहूं द्यावा. आणि तो चुकला तर दुसराहि तिलाच लिहूं द्यावा.