पिकअपची किंमत : फलकावरची आणि प्रत्यक्षातली

जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे भाजीपाला उतरविणारी, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतून सुटे भाग नेणारी, पैठणची मोसंबी किंवा सिल्लोडची मिरची भरून निघणारी छोटी मालवाहू गाडी हे छत्रपती संभाजीनगर परिसरातील असंख्य कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकांच्या तोंडी बसली. आज तिच्या जोडीला बोलेरो पिकअप, दोस्त, सुपर कॅरी, इंट्रा अशा कितीतरी गाड्या आहेत. गाडी घेणारा माणूस तिची भारक्षमता, हौद्याची लांबी, पाटे, टायर, डिझेलचा खर्च असे सारे बारकाईने पाहतो. किमतीच्या कागदावर मात्र तो फक्त शेवटची बेरीज वाचतो आणि कागद दुमडून खिशात ठेवतो. फसगत होते ती येथेच.

पहिली गोष्ट म्हणजे, मोटारगाडीला बिस्किटाच्या पुड्यासारखी ‘एमआरपी’ नसते. पाकीटबंद वस्तूंवर कमाल विक्री किंमत छापण्याचे बंधन गाडीला लागू होत नाही. अमेरिकेत १९५८ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कंपनीने सुचविलेली किंमत आणि जोडसाहित्याचे दर दर्शविणारा कागद चिकटविणे सक्तीचे झाले. सिनेटर मन्रोनी यांच्या नावाने तो कागद ओळखला जातो. तेथे ‘डीलर इन्व्हॉइस’ म्हणजे कंपनीने डीलरला लावलेली किंमत, आणि चतुर ग्राहक घासाघीस सुरू करतो ती या आकड्यापासून. आपल्याकडे हा आकडा ग्राहकापुढे येत नाही. आपण ज्याला डीलरचे इन्व्हॉइस म्हणतो ते डीलरने आपल्या नावे फाडलेले बिल असते. त्यामुळे डीलरला गाडी कितीला पडली हे शोधत बसण्यापेक्षा, आपल्या कागदावरील कोणती रक्कम सरकारकडे जाते, कोणती विमा कंपनीकडे आणि कोणती डीलरकडे राहते, हे वेगळे काढणे अधिक उपयोगाचे.

शोरूममध्ये सांगितली जाते ती ‘एक्स-शोरूम’ किंमत. तीत कारखान्यातील किंमत, गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च, डीलरचा नफा आणि वस्तू व सेवा कर (जीएसटी) असे सर्व काही आलेले असते. मालवाहू गाड्यांवरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह १० लाखांना मिळणारी गाडी, मूळ किंमत तीच धरल्यास, ९ लाख २१ हजार ८७५ रुपयांना मिळायला हवी. तब्बल ७८ हजारांची घट. ही घट सरकारने सोडलेल्या करामुळे झालेली आहे, डीलरच्या औदार्यामुळे नव्हे. ‘आधी किंमत इतकी होती, आता तुमच्यासाठी इतकी’ असे कोणी सांगू लागल्यास ‘आधी’ म्हणजे नेमकी कोणती तारीख, हे विचारून घ्यावे.

एक्स-शोरूमवर कर, नोंदणी आणि विमा चढला की ‘ऑन-रोड’ किंमत तयार होते. यातील मोठा बदल महाराष्ट्रापुरता आहे. पूर्वी छोट्या मालवाहू गाड्यांचा मोटार वाहन कर वजनावर बेतलेला असे. १ जुलै २०२५ पासून ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागू झाला. १० लाखांच्या पिकअपवर पूर्वी सुमारे २० हजार रुपये भरावे लागत, तेथे आता सुमारे ७० हजार लागतात. जीएसटीने दिले आणि राज्याच्या कराने बरेचसे परत घेतले, असा हा हिशेब. ज्याच्या ओळखीच्याने २०२४ मध्ये गाडी घेतली, त्याचा जुना कागद तुलनेसाठी उपयोगी पडणार नाही, हे यामुळेच.

नोंदणीचे बाकीचे शुल्क त्या मानाने किरकोळ आहे. हलक्या मालवाहू गाडीचे नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि कर्जाचा बोजा चढविण्याचे १,५०० रुपये. ‘आरटीओ खर्च’ या एकाच ओळीत मोघम रक्कम लिहिलेली असेल, तर तिची फोड मागावी. कराची व शुल्काची पावती ‘वाहन’ या सरकारी संगणकप्रणालीतून निघते, आणि ती ग्राहकाला मिळालीच पाहिजे. ‘परमिट’च्या नावाखाली रक्कम असेल तर गाडीचे एकूण वजन पाहावे. मालासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतूक परवाना लागतच नाही. छोटा हत्तीच्या वर्गातील गाड्या या मर्यादेत बसतात. मोठ्या पिकअपपैकी काही बसतात, काही बसत नाहीत. कारखान्यातून पूर्ण हौद्यासह आलेल्या नव्या गाडीला नोंदणीपासून दोन वर्षे फिटनेस प्रमाणपत्र असल्याचे मानले जाते, त्यामुळे पहिल्या वर्षीच ‘पासिंग’चा वेगळा खर्च दाखविला असल्यास तोही प्रश्न विचारण्याजोगा. गाडी नुसती केबिन व चॅसिस अशी घेऊन हौदा बाहेर बांधून घेणार असाल, तर मात्र हिशेब निराळा.

‘हँडलिंग चार्जेस’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ हे सरकारी शुल्क नाही. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असताना तो पुन्हा का द्यावा, याचे समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही. ही ओळ खोडून घेणे ही घासाघिशीतील सर्वांत सोपी पायरी होय. उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबत कंपनीकडूनच येते. गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल, तर १ टक्का ‘टीसीएस’ कापला जातो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होणारा आगाऊ कर आहे. अनेक छोटे व्यावसायिक तो परत मागण्याचेच विसरतात.

विम्याच्या रकमेत दोन भाग असतात. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरविते, तेथे घासाघीस नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो १६,०४९ रुपये होता. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र २००७ पासून खुला आहे आणि कंपनीगणिक त्यात बराच फरक पडतो. डीलरकडूनच विमा घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरून एक दर आणून तो काउंटरवर ठेवला, की आतला दर बऱ्याचदा खाली येतो.

आता सवलतीकडे वळू. सवलत कोणीतरी कोणत्यातरी गरजेपोटी देत असतो, आणि ती गरज ओळखणे हीच ग्राहकाची ताकद. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून ‘भारत स्टेज-३’ गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा देशभरात अशा आठ लाखांहून अधिक गाड्या पडून होत्या आणि दोन दिवसांत सवलतींचा पाऊस पडला. इतका नाट्यमय प्रसंग वारंवार येत नाही. पण डीलरने गोदामातील गाड्या बहुधा कर्ज काढून घेतलेल्या असतात. गाडी जितके दिवस उभी, तितके व्याज त्याच्या अंगावर. म्हणून महिनाअखेर, मार्चअखेर आणि डिसेंबर यांना महत्त्व. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला ग्राहक स्वतःहून येतो. त्या दिवशी पेढे मिळतील, सवलत मिळेलच असे नाही. जानेवारीत आधीच्या वर्षी बनलेली गाडी स्वस्तात मिळते, मात्र नोंदणी पुस्तकात उत्पादनाचा महिना व वर्ष येते आणि गाडी विकताना ते वर्षच मोजले जाते.

एकट्याने मागण्यापेक्षा चौघांनी मागावे, हे या शहराला सांगायला नको. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या आणि स्टेट बँकेने त्यासाठी ७ टक्के दराने कर्ज दिले. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र याहून महाग कर्ज, अशी टीकाही तेव्हा झाली. ती योग्यच होती. तरी त्यातला धडा बाजारात माल वाहणाऱ्या चार-पाच गाडीमालकांनाही लागू पडतो.

सवलत कोणत्या रूपात मिळते, याला तिच्या आकड्याइतकेच महत्त्व आहे. समजा, गाडीची करपूर्व किंमत ८ लाख आहे. १८ टक्के करासह ती ९ लाख ४४ हजार होते. ४० हजारांची सवलत बिलातच, कराआधी दाखविली, तर कर ७ लाख ६० हजारांवर लागतो आणि बिल ८ लाख ९६ हजार ८०० होते. म्हणजे ४० हजारांच्या सवलतीने ४७ हजार २०० रुपये वाचतात. तीच सवलत ताडपत्री, सीटकव्हर आणि ‘मोफत’ सामानाच्या रूपात घेतली, तर कर पूर्ण किमतीवर भरावा लागतो आणि सामानाचा भाव डीलर ठरवितो. ‘एक्स्चेंज बोनस’ची कथाही अशीच. बोनस २० हजार आणि जुन्या गाडीचा भाव बाजारापेक्षा ३० हजारांनी कमी, असा व्यवहार सर्रास होतो. जुनी गाडी बाहेर दाखवून भाव काढल्यावरच बोनसचा विचार करावा.

ज्यांचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला आहे, त्यांनी बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक आवर्जून घालून घ्यावा. प्रवासी मोटारीवर सामान्यतः न मिळणारी कराची वजावट मालवाहू गाडीवर मिळते. वरील उदाहरणात ती लाखाच्या वर जाते. मात्र वजावट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा लावता येत नाही, आणि वजावट न घेता ५ टक्के कर भरण्याचा पर्याय निवडलेल्या मालवाहतूकदारांना हा लाभ नाही.

कर्जाच्या बाबतीत ‘सात टक्के फ्लॅट’ हे शब्द ऐकले की कागद-पेन्सिल काढावी. ८ लाखांवर चार वर्षांचे ७ टक्के फ्लॅट व्याज २ लाख २४ हजार होते आणि हप्ता सुमारे २१,३३३ रुपयांचा बसतो. घटत्या शिलकेवर मोजल्यास हा दर साडेबारा टक्क्यांहून अधिक भरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ व लघुउद्योगांच्या कर्जासाठी सर्व खर्चांसह वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. सही करण्यापूर्वी ते मागावे. कर्जदात्या संस्थेकडून डीलरला मोबदला मिळत असतो, हे लक्षात ठेवल्यास ‘कर्ज आमच्याकडूनच घ्या, आणखी पाच हजार कमी करतो’ या आग्रहाचा अर्थ कळतो.

बयाणा देण्यापूर्वी प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेले, शिक्का-सहीचे कोटेशन घ्यावे आणि त्यावर गाडीचे मॉडेल, उत्पादनाचा महिना व दराची मुदत लिहून घ्यावी. वाद झाला तर त्याचाच आधार. व्यापारी हेतूने केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी त्याला अपवाद आहे. स्वतःची एक पिकअप चालवून घर चालविणारा माणूस जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. प्राथमिक तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.